खंडूनं काल काय खाल्लं

लाकडी पाट्यावर आडवं निजवलं की कुठलंही पोर टाहो फोडतं. पाय झाडतं, पाठीची कमान करतं, आईकडं हात पसरतं. खंडू रडला नाही. त्याचं डोकं माझ्या दोन्ही तळव्यांत होतं आणि तो खालून माझ्या तोंडाकडं टकामका बघत होता.

"मामाला ओळखलं वाटतं यानं," शर्वरी मॅडम म्हणाल्या.

मी हसलो, पण मला ते बरं वाटलं नाही. एवढ्या दिवसांत मी बरीच पोरं त्या पाट्यावर धरली होती. न रडणारं पोर मॅडमना आवडत नाही, हे मला कळायला लागलं होतं.

मॅडमनी त्याचे गुडघे हलक्या हातानं दाबले, पायाची सरकती फळी टाचांना टेकवली आणि आकडा वाचला. मग फळी मागं घेऊन पुन्हा लावली, पुन्हा वाचला. दोन्ही वेळा तोच आला. मला आकड्यातलं काही कळत नव्हतं, पण मॅडमचा आवाज दुसऱ्या वेळी खाली गेला, तो कळला.

मी खरं म्हणजे ड्रायव्हर. पुण्याच्या एका संस्थेनं जत भागात दोन वर्षांच्या आतल्या पोरांची पाहणी काढली होती आणि तिच्यासाठी माझी जीप लावली होती. पोर काय खातं, अंगावर किती महिने पितं, वरचं कधी सुरू केलं, हे आईला विचारायचं. मग पोराची लांबी, वजन, दंडाचा घेर घ्यायचा, आणि खाण्याचा नि वाढीचा मेळ कसा लागतो ते बघायचं, असं ते काम. लांबी मोजायला दोन माणसं लागतात. एकानं डोक्याशी बसायचं, एकानं पायाशी. डोक्याशी बसणारी रोहिणी नावाची मुलगी तापानं घरी गेली, तेव्हा मॅडमनी मला एका शाळेच्या पडवीत गुंडाळलेल्या घोंगड्यावर शिकवलं. तळवे कानांवर, डोकं फळीला टेकलेलं, पोराची नजर सरळ आभाळाकडं. "आणि बिरूभाऊ, घरात शिरलं की आपण काही बोलायचं नाही. आईच्या उत्तरावर मान हलवायची नाही, तोंड वाकडं करायचं नाही. तिला वाटेल तेच तिनं सांगायचं."

मायाक्काची वस्ती यादीत आहे म्हटल्यावर मला आनंदच झाला होता. मायाक्का माझी पाठची बहीण. खंडूच्या बारशाला तिला बघितलं, त्यानंतर गाठ नव्हती. धनगरवाड्याकडं वळताना मी एका टपरीवरून केळी घेतली. मॅडमना सांगितलं, तर त्या जरा विचारात पडल्या.

"तुमचीच बहीण? दुसरं कुणी डोकं धरायला मिळेल का?"

वस्तीवर दुसरं होतं कोण? दिवाळी झाली की आमच्यातले बापय आणि तरण्या बाया मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला जातात, ते जेठाच्या तोंडाशी परततात. मागं उरतात म्हातारी, आजारी आणि त्यांना सांभाळायला ठेवलेल्या एखाद्या घरच्या लेकीसुना. मायाक्काला मागं ठेवलं होतं, कारण तिचा सासरा लकव्यानं आडवा होता.

मी जीप उभी केली तर ती गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन येत होती. मी तिला पटकन ओळखलं नाही. लग्नाआधी तिच्या हातात बांगड्या चढवताना साबण लावावा लागायचा. आता त्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"दादा!" ती पाटी टाकून धावली. "असा कसा अचानक? आई बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. मी कामावर आलोय. या मॅडम. खंडूला बघायला आल्यात."

"खंडूला?" ती दचकली, मग हसली. "बघा की. लई गुणाचं हाय. रडत न्हाय काय न्हाय."

मोजमाप झालं. वजन घेतलं. मायाक्कानं खंडूला परत खांद्याशी घेतलं आणि ती दाराशी बसली. सासू आत सासऱ्याला पेज भरवत होती. मधून मधून तिचा 'आ कर, आ कर' असा आवाज येत होता. मॅडम मांडी घालून मायाक्कासमोर बसल्या. मी दूर बाभळीखाली, पण सगळं ऐकू येत होतं.

"मायाक्का, काल सकाळी खंडू उठला, तिथनं आज सकाळपर्यंत त्यानं काय काय खाल्लं, प्यायलं, ते आठवून सांगा. घाई नाही."

"काल?" मायाक्कानं खंडूच्या केसांतून बोटं फिरवली. "काल सकाळी उठल्यावर पाजलं."

"अंगावरचं?"

"व्हय. पाजलं की. पोटभर."

"मग?"

"मग नाचणीची खीर केली. दूध घालून. वाटीभर खाल्ली त्यानं."

मॅडम लिहीत होत्या. मायाक्का बोलायला लागली आणि थांबेचना. दुपारी मऊ भात आणि तुरीच्या डाळीचं वरण, वर तूप. मग पुन्हा पाजलं. चार वाजता केळं कुस्करून. संध्याकाळी अंडं. उकडलेलं, पिवळा भाग दुधात कालवून. "पांढरं खात न्हाय त्यो, थुकून टाकतो," ती म्हणाली आणि हसली. रात्री भाकरी दुधात भिजवून, गूळ घालून. झोपताना पुन्हा पाजलं.

मी अंगणाकडं बघितलं. कोंबडी नव्हती. खुराड्याचं दार मोडून पडलं होतं, आत वाळलेलं गवत. नाचणी आमच्या भागात पिकत नाही, कुणी विकतही आणत नाही. आणि केळी? मी आणलेली केळी दारात पडली होती आणि खंडू त्यांच्याकडं, हे काय आहे अशा नजरेनं बघत होता.

मला वाटलं, सासूच्या धाकानं खोटं बोलते. पण सासू आत होती, आणि मायाक्का हळू बोलत नव्हती. चांगल्या आवाजात, डोळे अंगणात लावून, एकेक पदार्थ सांगत होती. मॅडमनी सांगितल्याप्रमाणं मी तोंड उघडायचं नव्हतं. मॅडम एकदासुद्धा माझ्याकडं वळल्या नाहीत.

तेवढ्यात सासू चहा घेऊन बाहेर आली. तानूबाई तिचं नाव. उंच बाई, कंबरेत वाकलेली. एका हातात कपबश्या, दुसऱ्या हातात बिस्किटाचा पुडा. आम्हाला चहा दिला आणि खंडूला सुनेच्या खांद्यावरून आपल्या मांडीवर ओढून घेतलं. बशीत कोरा चहा ओतला, बिस्किट बुडवलं आणि त्याच्या ओठांना लावलं.

"खा राजा. माझा राजा त्यो. न्हाय रडत, न्हाय पडत."

तो चोखायला लागला. तानूबाई त्याच्याकडं बघत होती, तसं मी आयुष्यात फार थोड्या आज्यांना आपल्या नातवाकडं बघताना बघितलंय. ती त्याला उपाशी ठेवत होती, असं कुणी म्हटलं असतं तर मी ते मानलं नसतं.

मॅडमनी लिहिणं बंद केलं. पिशवीतून दंड मोजायची पट्टी काढली, खंडूच्या दंडाभोवती हलकी गुंडाळली. पट्टीच्या खिडकीत लाल रंग दिसला. मी दोनच वेळा लाल बघितला होता त्याआधी.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "चहा राहू द्या जरा. आईचं दूध पितो ना हा?"

"न्हाय. तोडलंय त्याचं." तानूबाई सहज म्हणाली. "दोन महिनं झालं. ही पोटुशी हाय न्हवं? पोटुशीचं दूध लेकराला बाधतं."

मायाक्कानं मान खाली घातली. मला ती पोटुशी असल्याचं तेव्हाच कळलं.

"आजी, असं काही नसतं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पोटुशी असताना पाजलं तरी बाळाला काही होत नाही."

"होतं." तानूबाईनं एवढंच म्हटलं. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. आपण दगडाला दगड म्हणतो तसं ती म्हणाली, आणि पुन्हा बिस्किट बुडवलं.

"आणि घरचं दूध? गाय आहे ना तुमची?"

"ते डेअरीला. म्हाताऱ्याच्या गोळ्या त्याच्यावर येतात. चहापुरतं ठेवते कवा कवा."

मॅडम उठून माझ्याकडं आल्या. बाभळीच्या सावलीत उभ्या राहून हळू म्हणाल्या, "बिरूभाऊ, याला आजच तालुक्याला न्यायला हवं. तिथं अशा मुलांचा वॉर्ड आहे. आईला बरोबर राहावं लागेल, चौदा दिवस तरी. मी सांगते त्यांना. तुम्ही फक्त बहिणीला धीर द्या."

मला वाटलं, आता भांडण होणार. म्हातारी सुनेला सोडणार नाही, आणि मग मला भाऊ म्हणून आवाज चढवावा लागेल. मी त्याची तयारीही केली होती. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. पोराचं वजन किती असायला हवं, किती आहे, ताप आला किंवा जुलाब लागले तर काय होईल. तानूबाई ऐकत होती. मध्ये तिनं खंडूचा दंड स्वतःच्या अंगठ्यानं आणि बोटानं धरून बघितला. अंगठा बोटाला भिडला.

"न्या," ती म्हणाली.

"आत्ती," मायाक्का म्हणाली, "मामंजींचं कोण करणार? तुमची कंबर..."

"माझ्या कंबरेचं मी बघते. तू जा. पाव्हणं, गाडी लावा."

भांडण झालंच नाही. मी तोंडात आणलेले सगळे शब्द परत गिळले. तानूबाईनं खंडूला टोपडं घातलं, त्याच्या गालावर काजळाचा ठिपका लावला आणि जीपच्या खिडकीतून त्याला आत देताना मला म्हणाली, "सावकाश चालवा. खड्डं लई हायत."

तालुक्याच्या दवाखान्यातला तो वॉर्ड म्हणजे एक लांबट खोली होती, भिंतीवर फळं-भाज्यांची चित्रं. सिस्टर चांगल्या होत्या. पहिल्या दिवशी खंडू चमच्यातलं औषधी दूध तोंडातून बाहेर सोडून द्यायचा. सिस्टर म्हणाल्या, आईनं अंगावरही घेऊन बघावं, निदान त्याला बरं वाटेल. मायाक्का घाबरली.

"पोटुशी हाय मी."

"असू दे. काही होत नाही. घे."

मी पाठ करून उभा राहिलो. थोड्या वेळानं सिस्टर म्हणाल्या, "राहू दे आता." मी वळलो तर खंडू तोंड फिरवून पडला होता. तो चोखायचं विसरला होता. मायाक्का पदर सारखा करत होती आणि तिच्या तोंडावर काहीच नव्हतं.

मी दिवसा सर्व्हेला जायचो, संध्याकाळी तिथं. मॅडमनी परवानगी दिली होती. तिसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात असतानाच आतून टाहो ऐकू आला. आत धावलो तर खंडू लाल होऊन रडत होता, कारण वाटीतलं दूध संपलं होतं आणि त्याला आणखी हवं होतं. सिस्टर हसत होत्या. शेजारच्या खाटेवरची बाई हसत होती. मायाक्का तर हसता हसता रडत होती. "दादा, रडतोय बघ! कसा रडतोय!" त्या संध्याकाळी मी आईसाठी घरी निरोप धाडला की सगळं ठीक होतंय.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरून एक म्हातारा आला. मायाक्काच्या शेजारचा. सासऱ्याला उठवून बसवताना तानूबाईची कंबर धरली होती. ती जमिनीला खिळली होती, सासरा खाटेवर तसाच होता, गाय सकाळपासून ओरडत होती. या म्हाताऱ्यानं शेजारी म्हणून जमेल ते केलं, पण त्याचं वय पंचाहत्तरीच्या पुढचं. "तुझ्या सासूनं सांगितलं न्हाय मला यायला," तो म्हणाला. "ती म्हणली, जाऊ नगा. पन काय करावं पोरी?"

मायाक्कानं पिशवी भरायला घेतली.

"माये, थांब," मी म्हणालो. "मी बघतो काहीतरी."

"काय बघतोस?"

मी उभा राहिलो. माझी बायको दिवस भरत आलेली, ती तिच्या माहेरी. आई दम्यानं अंथरुणाला. दाजींना निरोप द्यायचा तर मेंढरं कुठल्या गावाच्या शिवारात आहेत ते कुणाला ठाऊक? तेव्हा आमच्यातल्या कुणाकडं फोन नव्हता. मी स्वतः जाऊन सासऱ्याचं करीन म्हटलं, तर ती माझ्याकडं बघून कसंनुसं हसली.

"सुनंचा भाऊ मामंजींचं हगणं-मुतणं काढणार? ते जीव देतील."

सिस्टर म्हणाल्या, अजून दहा दिवस तरी हवेत, आत्ता नेऊ नका. मोठे डॉक्टर आले, रागावले. मग त्यांनीही ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. रागावण्यासारखं तिथं कुणीच नव्हतं. डॉक्टरांनी दुधाच्या पावडरीची पाकिटं दिली, कशी करायची ते दोनदा सांगितलं, पुढच्या सोमवारी दाखवायला आणा म्हणाले. मायाक्कानं कागदावर अंगठा उठवला.

मी त्यांना जीपनं सोडायला निघालो. म्हातारा मागं झोपला. मायाक्का पुढं, मांडीवर खंडू.  तालुका मागं पडल्यावर ती म्हणाली,

"दादा, मॅडमला सांगशील?"

"काय?"

"मी त्यांना खोटं सांगितलं. खीर, अंडं, सगळं."

"ठाऊक हाय मला."

"ठाऊक हाय?"

"कोंबड्या कुठं हायत तुझ्याकडं?"

ती थोडं हसली. "व्हत्या. गेल्या साली." मग खंडूचं टोपडं सारखं केलं. "मी भिऊन न्हाय बोलले, दादा. त्या इचारायला लागल्या, काल काय काय खाल्लं. कुनी कवा इचारलं न्हवतं असं. मला वाटलं, आता सांगायचं म्हंजे नीट सांगावं. एकेक सांगत गेले. सांगताना त्यो खाताना दिसायला लागला. पांढरं थुकतोय, पिवळं खातोय. मग थांबवंना."

मी गाडी चालवत राहिलो. रस्त्यात खड्डे बरेच होते.

मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कळलं होतं तेव्हाच. अंडं म्हटल्यावर."

"मग लिहिलं कशाला?"

"तिनं सांगितलं म्हणून. मी माझ्या मनानं बदलायला लागले तर प्रत्येकीचं बदलेन. मग माझ्यापाशी काय राहील?" पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या, "वजन तर मी बदललं नाही ना. ते तिथंच आहे."

मला त्यांचा राग आला होता, आणि त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली दिसत होती. पुढच्या सोमवारी आम्ही दुसऱ्या तालुक्यात होतो. मायाक्का खंडूला दाखवायला नेऊ शकली नाही. पाकिटं संपली. चैत्रात त्याला जुलाब लागले. वस्तीवरून रस्त्यापर्यंत त्याला घेऊन ती चालत आली, गाडीची वाट बघत बसली. गाडी आली तोवर तो गेला होता.

आम्हा लोकांत एवढ्या लहान पोराला पुरतात. मी पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. दाजी त्यानंतर आठवड्यानं आले. तानूबाई गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती, ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. 

सर्व्हेचा शेवटचा दिवस आला तेव्हा मी जीपमध्ये मॅडमना विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"मॅडम, दूध तोडलं नसतं, तर जगला असता का खंडू?"

त्या काचेतून बाहेर बघत राहिल्या.

"बिरूभाऊ, हजार मुलांचं मी सांगू शकते. ज्यांचं दूध लवकर तुटतं, ज्यांना वरचं नीट मिळत नाही, त्यांच्यातली किती मागं पडतात, किती जातात, ते सांगू शकते. एका मुलाचं नाही सांगता येत. कुणालाच नाही."

त्या उतरताना माझ्या हातात हात देऊन बराच वेळ उभ्या होत्या. पुढं त्यांची माझी गाठ झाली नाही.

मायाक्काला आम्ही बाळंतपणाला आणलं. श्रावणात मुलगी झाली. लहानखुरी, पण आवाज खणखणीत. आमची आई अंथरुणातूनच दिवसभर विचारायची, "पाजलं का? पाजलं का?" माझ्या बायकोची कूसही तोवर उजवली होती. घरात दोन लेकरं, दिवसभर आरडाओरडा. मला त्या आवाजाची सवय होत होती.

बारशाच्या आदल्या दिवशी तानूबाई आली. एकटी, यष्टीनं. हातात झबलं-टोपड्याची पिशवी आणि एक कोंबडी, पायाला सुतळी बांधलेली. कोंबडी तिनं माझ्या बायकोच्या हातात दिली आणि म्हणाली, "अंडी घालती." घरात आली नाही. बाहेर कट्ट्यावर, माझ्या शेजारी बसली. मी तिला पाणी दिलं. तिनं तांब्या शेजारी ठेवला.

 खंडू गेल्यापासून माझ्या मनात तिच्याविषयी बरंच साठलं होतं. त्यातला कुठलाच शब्द त्या वाकलेल्या बाईला उद्देशून बोलण्यासारखा नव्हता. मी बिडी पेटवली, लगेच विझवली.

"पाव्हणं," ती म्हणाली, "त्या बाईला भेटलासा का परत? त्या मोजणाऱ्या?"

"भेटलो होतो. आता गेल्या त्या पुण्याला."

"त्या म्हणल्या व्हत्या, पोटुशीचं दूध बाधत न्हाय. खरं हाय का ते?"

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. समोर रस्त्यावर एक पोरगी सायकल शिकत होती, तिकडं तिचे डोळे होते.

मला वाटलं, काय सांगावं? न्हाय म्हणावं तर पुढच्या वेळी मायाक्काचं पुन्हा तेच होणार. व्हय म्हणावं तर या बाईनं त्याचं काय करायचं?

"खरं हाय, मावशी," मी म्हणालो. "मॅडम म्हणाल्या, दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, मोठे डॉक्टर म्हणाले. काय होत न्हाय. पाजायचं असतं."

तिनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. मला वाटलं आता ती खंडूचं नाव घेईल. ती घेईल म्हणून मी अंग चोरून बसलो.

"माझी दोन गेली," ती म्हणाली.

मला आधी समजलं नाही.

"तुमच्या दाजीच्या आदी. पहिला ल्योक. त्यो पीत असतानाच मला दिवस गेलं. म्या पाजतच राहिले, म्हटलं पितोय तर पिऊ दे. त्यो गेला. दुसरी पोरगी झाली, तिचंबी तसंच. पीत व्हती, मला दिवस गेलं, ती गेली. माझी सासू सगळ्या गावासमोर म्हणली, आईच्याच दुधानं मेली दोन्ही. तुमच्या दाजीच्या येळंला म्या येळीच तोडलं. त्यो जगला."

कोंबडी आत कुठंतरी ओरडली. माझी बायको तिला हाकलत होती.

"म्हणून खंडूला तोडलं म्या," तानूबाई म्हणाली. "येळंवर."

मी विझलेली बिडी कट्ट्याखाली टाकली.

"आता त्या म्हणतात, दुधानं काय होत न्हाय." तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. एवढी वर्षं झाली, तिचे ते डोळे मला विसरता आले नाहीत. त्यांत पाणी नव्हतं. शाळेत नवीन पोरानं गणित विचारावं, तशी ती विचारत होती. "मग माझी दोन कशानं गेली रं?"

मॅडमचं हजार पोरांचं उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी बोललो नाही. 

 ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, कंबर सरळ करायला तिला वेळ लागला. दाराशी चप्पल काढली आणि आत गेली. मायाक्का खाटेवर मुलीला घेऊन पाजत बसली होती. सासूला बघताच तिनं घाईघाईनं पदर ओढून मुलीचं तोंड झाकलं.

तानूबाई खाटेच्या कडेला टेकली. तिनं तो पदर हळूच बाजूला केला.

"दम कोंडंल तिचा," ती म्हणाली. "पाज. निवांत पाज."